नाशिकची मुले आणि आफ्रिकेची सफर

जूनमध्ये शाळा सुटल्या की आपल्याकडे दोनच प्रश्न ऐकू येतात. पहिला, "यंदा भारतात जाणार का?" आणि उत्तर नाही असेल तर दुसरा, "मग कुठे?" पूर्वी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर योसेमिटी, लेक टाहो, फार तर अलास्काची क्रूझ असे असायचे. अलीकडे मात्र प्रत्येक पॉटलकला केनिया-टांझानियाची सफारी करून आलेले एखादे तरी कुटुंब भेटते. अशाच एका पॉटलकमध्ये एक उत्साही सभासद सांगत होत्या, "फोन नाही, टीव्ही नाही, विजेची तार नाही. रात्री तंबूबाहेर सिंहाची डरकाळी, आणि सकाळी अंघोळीला बादलीभर गरम पाणी. बस्स!" शेजारी बसलेल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "अगं, बादलीभर गरम पाण्याला एवढे पैसे? आमच्याकडे बंब होता." मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "पण ते पाणी तापवून आणून कोण देत होतं?"

सगळे हसले आणि विषय बदलला. माझ्या डोक्यातून मात्र आजींचा प्रश्न गेला नाही. सुखसोयी सोडून रानात जायचे म्हटले तरी कोणीतरी पाणी तापवतो, कोणीतरी ओझे वाहतो, कोणीतरी वाट दाखवतो. आफ्रिकेच्या सफारीच्या इतिहासात ही माणसे कोण होती हे शोधायला गेले, तर धागा थेट आपल्या नाशिकला येऊन पोचतो. नाशिककर असूनही मला याचा पत्ता नव्हता. शाळेत असताना शरणपूर रस्त्याने रोज सायकलने जायचे, पण या नावामागे काय आहे असे कधी कुणाला विचारले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसे हे झाले.

आधी शब्दाविषयी. 'सफारी' हा शब्द इंग्रजांचा नाही. मूळ अरबी 'सफर', म्हणजे प्रवास. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत 'सफर' म्हणूनच राहिला. तोच शब्द अरबी व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. स्वाहिलीत आजही कोणताही प्रवास म्हणजे सफारी. त्यात सिंह दिसलाच पाहिजे असे नाही. 'सफारी एन्जेमा' म्हणजे शुभ प्रवास. तिथे दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', रंगाला 'रंगी', हिशेबाला 'हेसाबु', आणि चहाला 'चाय' तर आहेच. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शतकानुशतके गलबतांची ये-जा होती, त्याची ही खूण.

आता एकोणिसाव्या शतकातली सफारी कशी असे ते पाहू. झांझिबार बेटासमोरच्या किनाऱ्यावरून, बहुधा बागामोयो या गावाहून, काफिला निघे. शेकडो मैल आत जायचे, पण बैलगाडी नाही, घोडा नाही, खेचरही नाही. याचे कारण एक माशी. त्सेत्से नावाची ही माशी चावली की घोडे, बैल झिजून झिजून मरतात. त्यामुळे वाहतुकीला प्राणी उरला तो माणूस. प्रत्येक हमाल डोक्यावर किंवा खांद्यावर साठ-सत्तर पौंडांचे ओझे घेऊन अनवाणी चाले. ओझ्यात काय असे? कापडाचे ठाण, काचमणी आणि तांब्या-पितळेची तार. आत नाणे चालत नसे, म्हणून धान्य, कोंबडी, वाटेचा कर, सगळे काही कापड आणि मणी मोजून द्यावे लागे. म्हणजे काफिल्याचे पैशाचे पाकीटच शंभर-दोनशे माणसांच्या डोक्यावर चाललेले असे. परत येताना याच वाटांनी हस्तिदंत येई, आणि साखळदंडात बांधलेली माणसेही येत. गुलामांचा व्यापार आणि सफारी यांच्या वाटा वेगळ्या नव्हत्या, हे विसरून चालणार नाही.

यात आपले लोक होते का? होते, आणि दोन्ही बाजूंना होते. झांझिबारला कच्छी आणि गुजराती सावकार होते. तारिया तोपण यांच्यासारखे व्यापारी काफिल्यांना भांडवल पुरवीत. त्या भांडवलावर हस्तिदंत येई, आणि हस्तिदंताच्या मागे गुलामगिरी असे, हेही मान्य केले पाहिजे. दुसरीकडे, हिंदुस्थानात गुलाम म्हणून विकून आणलेले काही आफ्रिकन पुढे सुटून परत गेले आणि वाटाडे झाले. त्यांतला प्रसिद्ध म्हणजे सिदी मुबारक. लहानपणी पकडून पश्चिम हिंदुस्थानात विकलेला हा मुलगा मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला, झांझिबारला परतला, आणि 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८५७ साली बर्टन आणि स्पीक हे इंग्रज प्रवासी नाईल नदीचा उगम शोधायला निघाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. स्पीक आणि तो एकमेकांशी हिंदुस्थानीत बोलत. पुढे स्टॅन्ले आणि कॅमेरन यांच्याही मोहिमांत तो होता. आफ्रिकेच्या नकाशातली तळी आणि नद्या भरणाऱ्या मोहिमांचे बोलणे काही अंशी आपल्या बाजारातल्या भाषेत चालत होते, हे वाचून मला गंमत वाटली आणि थोडे आश्चर्यही.

आता नाशिककडे वळू. त्या काळी इंग्रजांच्या आरमाराची जहाजे अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते पकडत. सोडवलेल्या माणसांना परत गावी पोचवणे शक्य नसे, कारण गावच लुटले गेलेले, आणि वाटेत पुन्हा कोणी पकडण्याची भीती. म्हणून पुष्कळांना मुंबईत आणून उतरवीत. त्यांत लहान मुले बरीच असत. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात एक वसाहत उभी केली होती. शरण आलेल्यांचे गाव, म्हणून तिचे नाव शरणपूर. तिथले मिशनरी विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला गेला. तिथे मुले लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. बाप्तिस्मा झाला आणि नवी नावे मिळाली: जेकब, मॅथ्यू, अब्राहम, सायमन. आईबापांनी ठेवलेली नावे बहुतेकांची कागदावर उतरलीच नाहीत. गोदावरीच्या काठी, मराठी बोलणाऱ्या वस्तीशेजारी ही मुले लहानाची मोठी झाली. त्यांच्या कानावर मराठी पडलीच असणार. इंग्रजी पुस्तकांत त्यांना 'नासिक बॉइज', नाशिकची मुले, याच नावाने ओळखतात.

१८६४ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश प्रवासी आणि धर्मोपदेशक आपली छोटी बोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. पुढच्या वर्षी पुन्हा आला तो नव्या सफरीच्या तयारीसाठी. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मदत केली, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. बोट विकून आलेले पैसे त्याने मुंबईतल्या एका बँकेत ठेवले, आणि मुंबईत तेव्हा कापसाच्या तेजीनंतर शेअरबाजार कोसळल्यामुळे ती बँकही बुडाली. तेजी गेल्यावर काय होते हे आपल्या व्हॅलीतल्या वाचकांना समजावून सांगायला नको!

३ जानेवारी १८६६ रोजी लिव्हिंगस्टन मुंबईहून निघाला. बरोबर मुंबईच्या मरीन पलटणीतले शिपाई होते, आणि शरणपूरहून स्वखुशीने आलेले नऊ तरुण होते. चुमा आणि सुसी हे त्याचे दोन जुने सोबतीही मुंबईत होते, तेही निघाले. चुमाला लिव्हिंगस्टनच्याच मंडळींनी १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते आणि मुंबईत तो डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. शिवाय बरोबर होते उंट, म्हशी, खेचरे आणि गाढवे. त्सेत्से माशीला आपल्याकडचे प्राणी तरी दाद देत नाहीत का, हे त्याला पाहायचे होते. आपल्या म्हशी आफ्रिकेच्या जंगलात सफारीला गेल्या होत्या असे कोणी सांगितले तर खरे वाटणार नाही, पण ते खरे आहे. बिचारे प्राणी काही महिन्यांतच मेले. काही माशीने, काही शिपायांच्या मारहाणीने आणि हयगयीने. शिपायांनाही त्याच उन्हाळ्यात परत धाडावे लागले.

आणि नाशिकची मुले? सुरुवातीला लिव्हिंगस्टन त्यांच्यावर वैतागलेलाच दिसतो. ती मागे रेंगाळतात, ओझे उचलायला कुरकुरतात, शिपायांच्या नादाला लागली आहेत, अशा तक्रारी त्याच्या रोजनिशीत आहेत. जरा विचार केला तर यात नवल नाही. ही मुले आफ्रिकेत जन्मली खरी, पण वाढली शाळेत, नाशिकच्या चांगल्या हवेत. कातडीचा रंग तिथला, बोली आणि सवयी इकडच्या. 'मायदेशी' पोचल्यावर गावातल्या लोकांनाही ती परकीच वाटली असतील. उन्हाळ्यात आपण मुलांना आजोळी घेऊन जातो, तेव्हा डासांनी आणि उकाड्याने ती कशी रडकुंडीला येतात आणि नातेवाईक "तुमची अमेरिकन मुलं" म्हणून कशी हसतात, ते आठवावे. अर्थात ही तुलना फार ताणू नये. आपण इथे आपल्या मर्जीने, व्हिसा घेऊन आलो. त्या मुलांना पळवून आणले होते.

त्यातल्या अब्राहमची हकिकत मन हलवून सोडणारी आहे. न्यासा सरोवराकडे जाताना मताका नावाच्या सरदाराच्या गावी बघ्यांच्या गर्दीत त्याला आपला सख्खा काका दिसला! ओळख पटली. काकाने सांगितले की तुला पकडून नेल्यानंतर तुझ्या आईला आणि दोन्ही बहिणींनाही विकले. आता तू इथेच राहा, असा काकाने आग्रह केला, सरदाराने केला, लिव्हिंगस्टननेही केला आणि काही महिने पुरेल इतके सामान देऊ केले. अब्राहम राहायला तयार झाला नाही. आई नाही, बहीण नाही, तर त्या गावात राहून काय करायचे, असे त्याचे म्हणणे होते. तो काफिल्याबरोबर पुढे निघाला. घर म्हणजे जागा की माणसे, हा प्रश्न आपण मंडळाच्या चर्चासत्रांत बरेचदा घोळवतो. अब्राहमने त्याचे उत्तर १८६६ मध्ये एका वाक्यात देऊन टाकले होते.

पुढची सात वर्षे हालअपेष्टांचीच गेली. जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटी चोरीला गेली. नाशिकचा बराका ती पेटी फार जपून नेत असे. पण त्या दिवशी दुसऱ्या दोघा हमालांनी त्याच्याशी ओझ्यांची अदलाबदल केली आणि संधी साधून ते पळाले. पेटीत कोयनेल होते. हिवतापाच्या प्रदेशात कोयनेलशिवाय राहणे म्हणजे काय, हे लिव्हिंगस्टन डॉक्टर असल्याने पुरते जाणून होता. आज आपण सफारीला जाण्यापूर्वी डॉक्टरकडून हिवतापाच्या गोळ्या घेतो, त्या बॅगेत टाकताना ही पेटी आठवावी. नाशिकच्या नऊंपैकी काही वाटेत मेले, एक मारला गेला, काही कंटाळून सोडून गेले. शेवटपर्यंत टिकले ते मोजके.

१८७१ च्या नोव्हेंबरमध्ये स्टॅन्लेने लिव्हिंगस्टनला उजिजी येथे गाठले, ही कथा सर्वांना माहीत आहे. त्यानंतरचा भाग कमी माहीत आहे. किनाऱ्यावर परतल्यावर स्टॅन्लेने १८७२ मध्ये आणखी सत्तावन्न माणसे लिव्हिंगस्टनच्या मदतीला पाठवली. त्यांत नाशिकचे सहा तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फेरर ही त्यांतली काही नावे. जेकब उत्तम इंग्रजी लिहीत असे.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियात बांगवेउलू सरोवराच्या दक्षिणेस, चितांबो या मुखियाच्या गावी लिव्हिंगस्टन झोपडीत बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला आढळला. आता काय करायचे? किनारा हजार मैलांहून दूर. साहेब मेला, पगार देणारा कोणी उरला नाही. प्रेताबरोबर प्रवास करणे म्हणजे प्रत्येक गावात अपशकून आणि दंड. तिथेच पुरून सरळ घरी जायला कोणाचीच हरकत नव्हती. तरीही चुमा, सुसी आणि बाकीच्यांनी बैठक घेऊन ठरवले की देह आणि सगळे कागद किनाऱ्यावर न्यायचे.

पहिले काम त्यांनी कोणते केले असेल? जेकबला बोलावून मृताच्या पेट्यांतील प्रत्येक वस्तूची यादी वहीत लिहून घेतली. उद्या कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून. परक्या सरकारशी गाठ पडणार असेल तर कागद पक्का हवा, हे शहाणपण त्यांना होते. इमिग्रेशनच्या फायली जपून ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लगेच कळेल.

मग देहाची व्यवस्था केली. काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या पेटीत घालून झाडाखाली पुरली. नाशिकला शिकलेल्या प्रार्थना जेकबने म्हटल्या आणि झाडावर नाव आणि तारीख कोरली. झाडाचा तो कोरलेला भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत गेला. देहाला मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला आणि वरून शिडाचे कापड शिवले.

आणि साठ-सत्तर माणसांचा तो काफिला निघाला. त्यात हलिमासारख्या स्वयंपाक करणाऱ्या बायकाही होत्या. थोड्याच दिवसांत निम्मी माणसे तापाने आडवी झाली आणि महिनाभर मुक्काम पडला. लुआपुला नदीच्या बाजूला एका रात्री आरडाओरडा झाला. आतापर्यंत टिकून राहिलेले एकुलते एक गाढव सिंहाने नेले होते. लोकांनी गवत पेटवले तेव्हा त्या उजेडात सिंह मेलेल्या गाढवाजवळ उभा दिसला. आपल्याला जीपमधून जे पाहायला हजारो डॉलर पडतात ते त्यांनी असे पाहिले. ऑक्टोबरमध्ये टाबोरा भागात कॅमेरन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सुचवले की देह इथेच पुरा, पुढे धोका आहे. त्यांनी नम्रपणे नकार दिला. पुढे एका ठिकाणी लोकांनी प्रेत नेण्यास अडवले, तेव्हा त्यांनी युक्ती केली. ताटे बांधून कापडात गुंडाळून खोटे प्रेत बनवले आणि 'आम्ही हे परत नेऊन पुरतो' असे दाखवून काही माणसे मागे पाठवली. खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. शिवाजी महाराजांची पेटाऱ्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला ही युक्ती आवडेल.

फेब्रुवारी १८७४ मध्ये, सुमारे नऊ महिन्यांनी, ते बागामोयोला पोचले. सरकारी अधिकाऱ्याने देह ताब्यात घेतला, पगार चुकता केला आणि माणसांना निरोप दिला. एवढेच. इंग्लंडला देहाबरोबर गेला तो एकटा जेकब वेनराइट, तोही मिशनच्या खर्चाने. लंडनमध्ये देहाची ओळख पटली ती डाव्या दंडाच्या हाडावरून. १८४४ साली एका सिंहाने ते चावून मोडले होते आणि ते नीट सांधले नव्हते. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. नाशिकच्या आश्रमातला मुलगा, इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या थडग्यांमध्ये उभा! चुमा आणि सुसी यांना नंतर इंग्लंडला नेण्यात आले. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिशीचे संपादन करायला त्यांचीच आठवण उपयोगी पडली. बाकीच्यांसाठी पदके काढण्यात आली, पण तोवर माणसे पांगलेली होती.

जेकब आफ्रिकेत परतला, मिशनांतून कामे करीत राहिला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. त्याने त्या प्रवासाची स्वतंत्र दैनंदिनी लिहिली होती. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूचे आणि त्या अंत्ययात्रेचे, तिथे हजर असलेल्या माणसाने त्या वेळी लिहून ठेवलेले ते वर्णन आहे. मूळ इंग्रजी हस्तलिखित सर्वांना पाहायला मिळाले ते २०१९ साली, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी.

नाशिकचा धागा इथे तुटत नाही. बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये झांझिबारला गेले आणि त्याच वर्षी तिथला गुलामांचा बाजार तहाने बंद झाला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांची वसाहत वसली, तिला फ्रिअर टाउन असे नाव दिले. ती उभी करायला कोण आले? शरणपूरचे तेच प्राइस साहेब, आणि नाशिक-मुंबईत वाढलेली आफ्रिकन मंडळी. शिक्षक, सुतार, लोहार म्हणून त्यांनी तिथे काम केले. किनाऱ्याला गुलामांचे गलबत दिसले की धोक्याची घंटा वाजवीत. ती घंटा आजही मोंबासात आहे, आणि त्या जागेला केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असेच नाव पडले आहे. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला बराच काळ जगला आणि १९३५ मध्ये वारला. शरणपूर आठवणारा एक माणूस त्या सालापर्यंत मोंबासाच्या रस्त्यांवरून हिंडत होता, असे म्हणायला हरकत नाही.

नंतर रेल्वे आली. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग पडला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले, त्यांतले अडीच हजारांच्या घरात मरण पावले. १८९८ मध्ये त्साव्हो येथे दोन सिंहांनी मजुरांना तंबूतून ओढून नेऊन खाल्ले, ते याच कामावर. आगगाडीने हमालांचे दिवस संपवले आणि सफारी ही शौकाची गोष्ट झाली. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला गेले तेव्हा मोंबासाहून आत याच गाडीने गेले. गाडीतून उतरल्यावर मात्र त्यांच्याही सामानाला अडीचशेच्या आसपास हमाल लागलेच. मग बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. आता सोलरचा दिवा, बादलीभर गरम पाणी आणि पांढऱ्या चादरी आल्या.

मग आम्ही सफारीला जायचे नाही का, असे कोणी विचारील. जरूर जावे. मुलांना ती मोकळी जमीन आणि ते आकाश दाखवावे. माझे म्हणणे एवढेच आहे की आजींचा प्रश्न बरोबर न्यावा. पाणी आणणाऱ्याचे नाव विचारावे, त्याचे गाव विचारावे, आणि मुलांनाच ते वहीत लिहायला सांगावे. सिंह, हत्ती, जिराफ किती दिसले याची यादी मुले करतातच. तिच्याच शेजारी ड्रायव्हर, आचारी, तंबू लावणारे यांची यादी असावी. टिप देताना हात आखडता घेऊ नये. मोंबासाला गेलात तर समुद्रकिनाऱ्यावरून परतताना केंगेलेनीची घंटा पाहून यावे. आणि पुढच्या भारतवारीत नाशिकला गेलात तर शरणपूर रस्त्यावर थांबून मुलांना ही गोष्ट सांगावी.

शेवटी आपल्या गावाबद्दल. क्युपर्टिनो हे नावदेखील एका सफारीतून आले आहे. मार्च १७७६ मध्ये स्पॅनिश सेनानी आन्सा याची तुकडी सॅन फ्रान्सिस्कोच्या वाटेवर इथल्या ओढ्याकाठी मुक्कामाला थांबली. बरोबरचे पाद्री फाँट यांनी ओढ्याला संत जोसेफ ऑफ क्युपर्टिनोचे नाव दिले. तो ओढा म्हणजे आपला स्टीव्हन्स क्रीक. माँटा व्हिस्टा हायस्कूलपाशी त्या मुक्कामाची पाटी आहे. मुलांना सोडायला-आणायला जाताना आपल्यापैकी कित्येकजण तिच्यावरून रोज जातात. आन्साचे नाव आपल्या डी आन्झा कॉलेजला आहे, फाँटची रोजनिशी छापून निघालेली आहे. खेचरे हाकणाऱ्यांची आणि स्वयंपाक करणाऱ्यांची नावे कोणाला तोंडपाठ आहेत? आणि त्या ओढ्याला त्याआधी हजारो वर्षे इथे राहणारे ओहलोनी लोक काय म्हणत असत?

जेकबला लिहिता येत होते म्हणून निदान त्याची वही उरली. आपल्या मुलांनाही लिहिता येते. सफारीहून आल्यावर त्यांनी आपल्या वार्तापत्राला दोन पाने जरूर पाठवावीत, आणि त्यात पाणी आणणाऱ्याचे नाव असावे.

– एक नाशिककर सभासद, क्युपर्टिनो